बहिणीचं लग्न नेपाळी मुलाशी ठरतंय, नागरिकत्वाचं नेमकं काय होतं? (सोलापूर)

पूर्वभागचा_दादा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण वाचून सांगा. आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले पद्मशाली, घरचे टॉवेलचे लूम आहेत. धाकटी बहीण पुण्यात स्टाफ नर्स आहे. तिनं मुलगा पसंत केलाय, नेपाळमधला चितवनकडचा, पुण्यातच हॉटेलात शेफ आहे, बऱ्याच वर्षांपासून इकडंच आहे, मराठी चांगली बोलतो. मी स्वतः भेटून आलो, पोरगा सरळ आहे, व्यसन नाही, घरी पैसे पाठवतो.

आई तयार आहे, अप्पा गप्प आहेत, पण काका आणि आत्या ऐकायलाच तयार नाहीत. काकांचं म्हणणं असं की पोरीनं परदेशी माणसाशी लग्न केलं की ती नवऱ्याच्या देशाची झाली, मग आधार, मतदान, पासपोर्ट सगळं जातं, पोरं झाली की ती पण नेपाळची, आणि नोकरी सोडून बाळंतपणाला इथं आली तर पोराला शाळेत कोण घेणार. वर परत हे पण, की तो माणूस लग्नाच्या निमित्तानं इथला कागद काढून घेईल आणि मग पोरीला सोडून देईल.

मला खरं वाईट कशाचं वाटतं सांगतो. आमचा चुलतभाऊ जर्मनीत आहे, त्यानं तिकडची मुलगी केली. ती पहिल्यांदा सोलापूरला आली तेव्हा याच काकांनी अख्ख्या बोळात पेढे वाटले, तिला मार्कंडेय मंदिरात नेलं, इरकल साडी घेतली. तेव्हा कुणी विचारलं नाही की ही कुठल्या देशाची, हिची पोरं कुठल्या देशाची. माझ्या बहिणीच्या वेळेलाच हे सगळं कसं आठवतं?

तर कायद्यानं काय आहे ते कुणी नीट सांगेल का? बहिणीचं नागरिकत्व जातं का, पोरं कुठली, आणि त्याला इथलं मिळतं का, कधी मिळतं. लग्न सोलापूरला रजिस्टर करायचा विचार आहे.

पार्कचौक_वकील

दादा, आधी तुमच्या बहिणीला सांगा निवांत राहा. भारतीय मुलीनं कुणाशीही लग्न केलं तरी तिचं नागरिकत्व लग्नामुळं जात नाही. जातं कधी, तर तिनं स्वतः होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर, नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९ बघा. मुलगा असो मुलगी असो, नियम एकच. इथं सांभाळायची एकच गोष्ट आहे. नेपाळमध्ये नेपाळी माणसाच्या परदेशी बायकोला तिकडचं अंगीकृत (म्हणजे जन्मानं नाही, अर्ज करून मिळणारं) नागरिकत्व मिळायची सोय आहे, आणि सासरची माणसं प्रेमानं म्हणतील की घे की, सोपं आहे. ते घेतलं की इकडचं संपलं. त्यामुळं सही करायच्या आधी विचार करायचा.

पोरांचं म्हणाल तर ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा बाप यातला एक भारतीय असला आणि दुसरा बेकायदा आलेला नसला की मूल जन्मानं भारतीय. नेपाळी माणसाला भारतात यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही, १९५० चा करार आहे, म्हणजे तो बेकायदा नाही. बाळंतपण सोलापूरला झालं तर महापालिकेचा जन्म दाखला आईबापांच्या नावासकट काढा, आईचे भारतीय असल्याचे कागद जपून ठेवा, विषय संपला. मूल नेपाळात जन्मलं तर मात्र वर्षाच्या आत आपल्या दूतावासात नोंद करायची आणि लिहून द्यायचं की मुलाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. हे लोक विसरतात आणि मग हेलपाटे सुरू होतात.

नवऱ्याला भारतीय व्हायचं असेल तर सात वर्षं इथं राहिलेलं दाखवावं लागतं, त्यातले अर्जाआधीचे बारा महिने सलग, आणि त्याच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वर जातो, चौकशी होते, शिवाय नेपाळचं सोडावं लागतं कारण आपल्याकडं दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. म्हणजे काका म्हणतात तसं लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी कागद हातात, असलं काही नाही.

आणि काकांचा समज अगदीच हवेतला नाही, जुना कायदा खरोखर तसाच होता. १९५५ चा कायदा आला तेव्हा लग्नावरून नोंदणीची सोय फक्त भारतीय पुरुषांच्या बायकांना होती, भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला नाही. ते १९८६ च्या दुरुस्तीनं बदललं. परदेशात जन्मलेलं मूल तर फक्त बापावरून भारतीय ठरायचं, आईवरून नाही, ते १० डिसेंबर १९९२ पासून सुधारलं. म्हणजे आपल्या काकांच्या तरुणपणी कायदा त्यांच्यासारखाच विचार करत होता.

जुळे_सोलापूरकर

वकील साहेब, माहितीबद्दल आभार, पण मी काकांची बाजू थोडी मांडतो. दादा, तुमच्या बहिणीवर किंवा त्या मुलावर माझा आक्षेप नाही. पण बाहेरून येणाऱ्या माणसाची चौकशी नको का? एमआयडीसीत जाऊन बघा, लूमवर, बांधकामावर कुठकुठली माणसं आहेत, कुणाचं आधार कुठं काढलंय कुणाला माहीत नाही. आपली पोरं पुण्याला जातात पंधरा हजारावर आणि इथं बाहेरचा माणूस दहा हजारात काम करतो, मालकाला काय, त्याला स्वस्त पाहिजे. लग्न करून नागरिकत्व घेणं ही पळवाट होऊ शकते, जगात सगळीकडं होते. देशानं त्यावर कडक राहिलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

साखरपेठेची_लेक

कडक राहा की, पण मग दोघांवर सारखं कडक राहा. सात वर्षांची अट परदेशी सुनेला पण आहे आणि परदेशी जावयाला पण. मग शंका फक्त जावयावरच का येते? सुनेनं कागदासाठी लग्न केलं असं कुणाच्या मनात पण येत नाही. कारण आपण धरून चालतो की बाई जिथं नेली तिथली होते आणि पुरुष जिथला तिथलाच राहतो. खरा घोळ इथंच आहे आणि सीमेचा विषय निघाला की तो देशभक्ती म्हणून खपतो.

नेपाळचंच बघा, कारण तिकडं हेच उलटं चालू आहे आणि तिकडं घुसखोर म्हणून कुणाची भीती घालतात माहितीय का, आपली. भारतीय पुरुषांची. तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या नेपाळच्या सपाट पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांचे बिहार, यूपीशी पिढ्यान्‌पिढ्या रोटीबेटी व्यवहार आहेत. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात नेपाळी पुरुषाच्या परदेशी बायकोला नागरिकत्वाची वाट ठेवली, नेपाळी बाईच्या परदेशी नवऱ्याला ठेवलीच नाही. नेपाळी आई आणि परदेशी बाप असलेल्या मुलाला वंशावरून नाही तर अंगीकृत नागरिकत्व मिळतं, ते पण कायम नेपाळात राहत असेल आणि दुसरीकडचं घेतलं नसेल तर. आणि अंगीकृत नागरिकाला राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश होता येत नाही. कारण काय सांगतात, तर भारतातले जावई येतील, त्यांची पोरं देश ताब्यात घेतील. जुळे सोलापूरकर दादा, तुम्ही वर जे लिहिलंय ते काठमांडूतला माणूस तुमच्या पोराबद्दल लिहितोय असं समजून एकदा वाचा.

२०२२ मध्ये तिथल्या संसदेनं नागरिकत्वाची दुरुस्ती परत मंजूर करून पाठवली तरी राष्ट्रपती विद्यादेवी भंडारी यांनी सही केली नाही. त्या स्वतः बाई, तिथल्या पहिल्या महिला राष्ट्रपती. पुढं २०२३ मध्ये रामचंद्र पौडेल यांनी सही केली. त्यानं जन्मसिद्ध नागरिकांच्या, म्हणजे नेपाळात जन्मले म्हणून नागरिक झालेल्यांच्या, पोरांचा खोळंबलेला प्रश्न सुटला, पण नेपाळी बाईच्या परदेशी नवऱ्याचा नाही सुटला.

माझी मैत्रीण काठमांडूची आहे, नवरा आपल्या इकडचा, बार्शीचा. ते काठमांडूत राहतात, तिचं स्वतःचं दुकान आहे, टॅक्स ती भरते. नवरा तिकडं कायम पाहुणाच. हीच जोडी उलटी असती, म्हणजे मुलगा नेपाळी आणि मुलगी बार्शीची, तर तिला कागद मिळाला असता. एकच सीमा, एकच लग्न, फरक फक्त कोण बाई आणि कोण पुरुष एवढाच.

निवृत्त_मास्तर

साखरपेठेच्या ताईंनी मुद्दा बरोबर पकडला. मी इतिहास शिकवत होतो म्हणून थोडी भर घालतो.

अमेरिकेत १९०७ साली कायदा केला की अमेरिकन बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व गेलं, नवऱ्याचं तेच तिचं. बायकांना मतदानाचा हक्क मिळाल्यावर १९२२ मध्ये ते बदललं, पण सगळ्यांसाठी नाही. जो नवरा नागरिक व्हायलाच अपात्र, त्याच्या बायकोचं जायचं ते जातच राहिलं. अपात्र कोण, तर आशियातले. आणि १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही म्हणून तो अमेरिकन होऊ शकत नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, तरी. त्या निकालामुळं भारतीयांशी लग्न केलेल्या अमेरिकन बायकांचं काय झालं असेल बघा. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी, जन्मानं अमेरिकन, त्यांचं नागरिकत्व आपल्या माणसाशी लग्न केलं म्हणून गेलं. हा भाग १९३१ पर्यंत दुरुस्त झाला नाही. राग होता आशियातून येणाऱ्या मजुरांवर, शिक्षा झाली त्यांच्याच देशात जन्मलेल्या बाईला.

दुसरं बोट्सवानाचं. युनिटी डाऊ नावाच्या वकीलबाई, नवरा अमेरिकन. लग्नाआधी झालेलं मूल बोट्सवानाचं नागरिक आणि लग्नानंतरची दोन मुलं परदेशी, कारण लग्न झालं की मूल बापाचं. एकाच घरात, एकाच आईची पोरं. त्यांनी सरकारवर केस केली, १९९१ मध्ये जिंकल्या, अपिलात १९९२ मध्ये परत जिंकल्या, १९९५ ला कायदा बदलला, पुढं त्या तिथल्या हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. आजसुद्धा कुवेत, कतार, लेबनॉन धरून वीसपेक्षा जास्त देशांत आईला बापाच्या बरोबरीनं आपलं नागरिकत्व मुलाला देता येत नाही.

आणि दादा, काकांना एक विचारा. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, भैया चौकात त्यांचं स्मारक आहे. १९३८ ला चीनला गेले, तिथं नर्स असलेल्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न केलं, मुलगा झाला, १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी वारले. अख्खं सोलापूर हे लग्न अभिमानानं सांगतं, आणि सांगावंच. आता समजा डॉक्टर कोटणीस ही या गावची मुलगी असती आणि तिनं चिनी डॉक्टरशी लग्न केलं असतं. आपण त्या जावयाचं नाव इतक्याच मायेनं घेतलं असतं का? तुमची बहीण पण नर्सच आहे ना.

जुळे_सोलापूरकर

मास्तर, कोटणीसांची गोष्ट वेगळी, ते युद्धात सेवा करायला गेले होते. पण नेपाळचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो विचार करण्यासारखा आहे. तरी माझा प्रश्न आहेच. कुणी चोरून आला, खोटे कागद केले, इथल्या मुलीशी लग्न केलं, पोरं झाली, तर काय करायचं?

पार्कचौक_वकील

त्याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते फार कठोर आहे. २००४ नंतर इथं जन्मलेल्या मुलाचा बाप बेकायदा आलेला असेल तर आई शंभर टक्के भारतीय असली तरी मूल जन्मानं भारतीय होत नाही. आई आणि बाप, दोघांनाही नियम सारखाच लागतो, मान्य. पण माझ्या मते हे चुकीचं आहे. चूक बापाची, भोगायचं मुलानं, आणि आईचं नागरिकत्व त्या मुलापुरतं शून्य. तो माणूस पळून गेला तर इथं कोण उरतं? आई आणि मूल. १९८७ च्या आधी इथं जन्मलेला प्रत्येक जण जवळजवळ आपोआप भारतीय होता. आसाममधल्या घुसखोरीच्या वादातून ते आधी १९८७ ला आणि मग २००४ ला आवळत नेलं. ज्या १९८६ च्या दुरुस्तीनं बाईच्या परदेशी नवऱ्याला वाट दिली त्याच दुरुस्तीनं जन्मावरचा हक्क कमी केला, हे लक्षात घ्या. बाहेरच्यांबद्दल चीड वाढली की कायदा पहिल्यांदा मुलांवर येतो.

ईसेवा_अक्कलकोटरोड

कायदा वकील साहेबांनी सांगितला, आता टेबलावर काय होतंय ते मी सांगतो, कारण माझं महा ई सेवा केंद्र हाय आणि दिवसभर हेच बघतो.

आपल्याकडं विडी वळणाऱ्या बायका येतात. माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं एक, विडी कार्डावर तिसरंच स्पेलिंग, आधारवर जन्मतारीख १ जानेवारी कारण खरी कुणालाच माहीत नाही. शाळेचा दाखला नाही, कारण शाळेत घातलंच नाही, आठव्या नवव्या वर्षी सूप मांडीवर घेऊन पानं कापायला बसवलं. बापाचं नाव तेलगूत एक लिहिलेलं, मराठीत दुसरं. अशा बाईला म्हणलं की तू अमक्याची मुलगी हाय हे दाखव, तर ती काय दाखवणार? भावाकडं दाखला असतो, शेताचा उतारा असतो, मतदार यादीत बापासोबत नाव असतं. हिचं नाव मतदार यादीत पहिल्यांदा आलं ते सासरच्या घरी, नवऱ्याच्या नावाखाली.

आसामात एनआरसीत, म्हणजे नागरिकांची यादी केली त्यात, नेमकं हेच झालं. लग्न होऊन दुसऱ्या गावात गेलेल्या बायकांकडं बापाशी नातं दाखवायला ग्रामपंचायतीचा दाखला सोडून काही नव्हतं, तो पण चालणार नाही म्हणाले, शेवटी २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तपासून चालवा. २०१९ च्या यादीत १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. बाहेरचे हुडकायला जाल आणि घरातल्याच बायका सापडतील, असं माझं मत.

मागं एक ताई आलत्या, नवरा परदेशी, मूल इथं जन्मलेलं. त्यांच्याकडं जन्म दाखला होता, आईचा पासपोर्ट होता, सगळं क्लिअर होतं. एका ऑफिसात टेबलावरच्या माणसानं आईच्या पासपोर्टला हातच लावला नाही, म्हणला वडिलांचे कागद आणा. नियम दाखवला तर म्हणला तुमचं बरोबर असेल पण आमच्याकडं असंच घेतात. चौथ्या फेरीला साहेब जागेवर होते म्हणून झालं. सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावात आईचं नाव पण घालायचं ठरवलं, पासपोर्टला २०१६ च्या शेवटापासून आई किंवा बाप एकाचं नाव चालतं. कागदावर आई आली दादा, टेबलावर यायची हाय अजून.

तर बहिणीला सांगा, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचे जुने कागद, लग्नाआधीच्या नावाचं सगळं एका फाईलीत लावून ठेव. आणि लग्नानंतर नाव बदलू नको. हा माझा कळकळीचा सल्ला हाय.

साखरपेठेची_लेक

नाव न बदलण्याला माझा शंभर वेळा पाठिंबा.

आणि जुळे सोलापूरकर दादा, मजुरीचं तुम्ही बोललात ते मला पटतं, दहा हजारात राबवून घेणं वाईटच आहे, पण त्याला किमान वेतन मागा ना, त्या माणसाचा देश कशाला मध्ये आणता. पूर्व भागातली निम्मी घरं निजामाच्या राज्यातून कामासाठी आली, करीमनगर, नलगोंडा, वरंगल, तेव्हा ते वेगळंच राज्य होतं. आमच्या पणज्याला पण इथं कुणीतरी म्हणलंच असेल की हे बाहेरचे कमी पैशात विणतात. त्याच हातांनी केलेली सोलापुरी चादर आज आपण पाहुण्यांना देतो.

पूर्वभागचा_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर हे सगळं मोबाईलवरून घरात वाचून दाखवलं, आत्या उठून गेल्या, काका शेवटपर्यंत बसले. निजामाचं वाचलं तेव्हा अप्पा पहिल्यांदा बोलले, म्हणाले आपल्या आज्याकडं तर काहीच कागद नव्हता. काका अजून हो म्हणाले नाहीत, म्हणाले पोरगी भारतीयच राहणार हे लिहून कोण देतं. मी म्हणलं कायद्यात लिहिलंय. तर म्हणाले मुलाला एकदा घरी आण, बघतो. जर्मनीच्या वहिनीचा विषय मी मुद्दाम काढला नाही, आईनं काढला.

आता वकील साहेब एक शेवटचं. लग्न सोलापूरलाच करायचं तर नोटीस कुठं द्यायची, बहीण तर पुण्यात राहते.

पार्कचौक_वकील

स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ खाली करा. दोघांपैकी एक जण नोटीस देण्याआधी कमीत कमी तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला पाहिजे, त्यामुळं सोलापूरला करायचं तर बहिणीला महिनाभर घरी येऊन राहावं लागेल, नाहीतर सरळ पुण्यात नोटीस द्या आणि जेवण सोलापूरला घाला. नोटीस बोर्डावर लागते, तीस दिवस हरकतीची मुदत, मग नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदार घेऊन लग्न. मुलाकडून नेपाळचं नागरिकत्व प्रमाणपत्र आणि तो अविवाहित असल्याचा तिकडचा दाखला आत्ताच मागवून घ्या, त्याला वेळ लागतो. आणि साक्षीदारात काकांना घ्या, जमलं तर.